आक्काच्या पायांचा हिवाळा

माघ लागला की निपाणीच्या अलीकडेच हवा बदलते. डोळ्यांना दिसण्याआधी ते नाकाला कळतं. कापून शेतात पालथी घातलेली तंबाखूची झाडं उन्हानं मलूल होत पडलेली असतात आणि त्यांच्यातून जो वास उठतो तो धड गोड नसतो, धड कडू नसतो. ओला गूळ आणि जुनं चामडं एकाच खोलीत कोंडून ठेवावं तसा असतो. पुढं गावात शिरलं की तो कोरडा होतो, धारदार होतो. वखारींच्या भिंतींमधून बाहेर आलेली खाट, म्हणजे तंबाखूच्या धुळीचा तिखट ठसका, घशाच्या मागच्या कातडीला आधी हलकेच शिवते आणि मग तिथं नखं रुतवते. लहानपणी याला मी सुगीचा वास म्हणत असे. आता त्याला काही म्हणत नाही. तो आला की मला राग येतो, एवढंच.

यंदा मी एकटीच गेले. आक्का, माझी थोरली बहीण, बेळगावात टिळकवाडीला माझ्या घरी मागं राहिली. तिच्या छातीत आता कुणा अनोळखी माणसाची फुफ्फुसं आहेत, आणि तंबाखूच्या दिवसांत निपाणीची हवा तिला वर्ज्य आहे. ज्या गावात तिनं उभं आयुष्य झिजवलं त्या गावाचा वारासुद्धा आता तिला चालत नाही. मालनवहिनींकडे, म्हणजे आक्काच्या धाकट्या जावेकडे, हळदीकुंकू होतं. हातावर तिळगूळ ठेवता ठेवता त्यांनी मायेनं विचारलं, "आक्का बसूनच असतात न्हवं? बसूनच ऱ्हाऊ दे बगा त्यांना. काय म्हंजे काय करू दिऊ नगा."

भोवतीच्या बायकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. सगळ्यांचे चेहरे प्रेमळ होते. अत्तर, हळद, भाजलेले तीळ, सुती पातळांचा खळीचा वास, आणि त्या सगळ्यांत ते वाक्य, गोड आणि गुळगुळीत. माझ्या कानशिलात रक्त उसळलं. 'बसूनच राहू दे' या तीन शब्दांनी गेल्या वर्षी माझ्या बहिणीला मरणाच्या दारापर्यंत नेलं होतं, आणि ते शब्द अजून जिवंत होते, धडधाकट होते, तिळगुळाबरोबर वाटले जात होते.

आमचं माहेर खानापूरकडचं. भातलावणीच्या चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतून वाढलेल्या आम्ही बहिणी. मी पुढं शिकले, कवितेच्या नादी लागले, कॉलेजात शिकवू लागले. आक्का निपाणीला दिली गेली. भावोजी लवकर गेले आणि ती वखारीत जाऊ लागली. सकाळी भाकरी बांधून निघायची, पदराचं टोक नाकावर करकचून ओढायची आणि दिवसभर तंबाखू चाळायची. डोक्यावर भरली पाटी घेऊन चालायची तेव्हा तिची मान दिव्याच्या ज्योतीसारखी स्थिर असे. उकिडवी बसली तर जमिनीला हात न लावता एका झोकात उठे. तिच्या पावलांचा आवाज घट्ट होता, नुकत्याच सारवलेल्या भुईवर कुणी मूठ आपटावी तसा. याला कुणी व्यायाम म्हटलं नाही, ताकद म्हटलं नाही. ते काम होतं, आणि बाईचं काम दिसायला लागतं ते थांबल्यावरच. संध्याकाळी ती न्हायला बसली की मोरीतून चहाच्या रंगाचं पाणी वाहायचं. त्या पाण्याकडे कुणी पाहिलं असतं तर तिच्या आत काय साठत चाललंय हे कुणालाही कळलं असतं.

श्वास आधी चढणीवर अडला, मग जिन्यात, मग बोलण्यात. वाक्याच्या मधोमध ती थांबायची आणि समोरच्यानं ते वाक्य पुरं केलं की चिडायची. वेणी घालायला हात वर धरले की दम लागायचा, म्हणून एके दिवशी तिनं केस कापून घेतले. डॉक्टरांनी छातीची फिल्म उजेडासमोर धरली. वेलावरच वाळून गेलेला दोडका फोडला की आत जी ताठर जाळी सापडते, तशी ती फुफ्फुसं दिसत होती. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "किती वर्षं ओढता?"

आक्का म्हणाली, "ओढली न्हाय कदी. नुसती चाळली."

फुफ्फुसं बदलण्यावाचून उपाय नाही असं ठरलं. प्रत्यारोपण हा शब्द तिनं जिभेवर घोळवून पाहिला. "म्हंजे भाताच्या लावणीगत," ती म्हणाली, "एकीकडनं उपटायचं आन दुसरीकडं लावायचं. जगलं तर जगलं." त्या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला आजवर कुणी सांगितलेला नाही.

आणि मग घरानं तिच्यावर प्रेम करायला सुरुवात केली.

आमच्याकडे माया करायची म्हणजे माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायचं. प्रथम झाडू गेला, मग तवा, मग तांब्या. भाजी निवडायला घेतली तर ताट ओढून घेतलं जायचं. आजाऱ्याला बघायला माणसं येतात, आणि आजारी माणूस बसून हसताना दिसला तर येणाऱ्यांचा अपमान होतो. म्हणून कुणाची चाहूल लागली की मालनवहिनी लगबगीनं आत येत. "पडा आक्का, पडा, माणसं आलीत," म्हणत तिच्या अंगावर वाकळ टाकत. आक्का निमूटपणे आडवी होई. पाहुणे उशाशी केळी ठेवत, आपल्या ओळखीतल्या मेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगत, आणि उठताना एकच गोष्ट बजावून जात: "ताकद राखून ठिवा. आप्रेशनला लागंल."

ताकद राखून ठेवा! जणू ती कणगीतली जोंधळ्याची रास. उपसली नाही तर तेवढीच राहील. सारं घर, सारी गल्ली या एका समजुतीवर एकदिलानं उभी होती. तिचा मुलगा प्रकाश तर तिला जमिनीवर पाय टेकवू देईना. उन्हाला न्यायचं, उचलून. मोरीपर्यंत, उचलून. माडीवर हवा बरी म्हणून रोज सकाळी पाठुंगळी घेऊन जिना चढे. शेजारणी दारात उभ्या राहून बघत. "श्रावणबाळ हाय गं तुजा," म्हणत. आक्काच्या डोळ्यांत पाणी येई, प्रकाशच्या मानेवर घाम येई, आणि त्या दोघांमध्ये तिच्या मांड्या दिवसेंदिवस वितळत चालल्या होत्या. काठीला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यासारखं तिचं कातडं हाडांभोवती सैल पडू लागलं होतं. लुगड्याच्या आत हे कुणाला दिसणार? चेहरा मात्र शिऱ्यानं आणि औषधांनी गोल झाला होता. "जरा बाळसं धरलंय," असंही लोक म्हणत.

बेंगलोरच्या इस्पितळात तपासणीला जायचं होतं, त्याच्या आधी तर तिला अंथरुणातून हलूच दिलं नाही. परीक्षेला ताजीतवानी जावी म्हणून! तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, बोलायला शांत. त्यांनी आक्काला एका लांब ओवरीसारख्या वाटेवर नेलं आणि सहा मिनिटं जमेल तेवढं चालायला सांगितलं. ती थोडी चालली आणि भिंतीला टेकली. मग मूठ आवळायला एक यंत्र दिलं. मग साधी खुर्ची पुढं ठेवली आणि म्हणाल्या, हातांची घडी छातीवर घाला आणि उठा.

आक्का उठली नाही. तिनं प्रयत्न केला. मला तिच्या चेहऱ्यावर तो दिसला. भुवया उठल्या, खांदे उठले, ओठ घट्ट मिटले. कमरेखाली काहीच झालं नाही. जिनं आयुष्यभर डोक्यावर ओझी घेऊन उठबस केली ती बाई रिकाम्या हातांनी एका खुर्चीतून उठू शकली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत दुःख नव्हतं, भीतीही नव्हती. आपलं काहीतरी चोरीला गेलंय हे भर बाजारात कळावं तसा धक्का होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांचं नाव मी आत्ता फुफ्फुसांसाठीच्या यादीत घालू शकत नाही. फुफ्फुसं मी बदलू शकते. पण नंतर या अंगाला अंथरुणातून उठवायचं आहे, आणि ते पायांच्या जोरावर उठेल. पाय बदलून मिळत नाहीत.

प्रकाश उसळला. "आजारी हाय म्हणून तर आणलीया, मॅडम! धडधाकट असती तर कशाला आलो असतो इतक्या लांब?"

"उन्हाळा लागला की या," त्या म्हणाल्या. "तोवर यांना चालवा."

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. मला त्या डॉक्टरीणबाईंचा राग आला होता, त्यांच्या स्वच्छ नखांचा, त्या खुर्चीचा. हुबळीच्या पुढं कुठंतरी तो राग माझ्या हातातून निसटला आणि आपल्या खऱ्या मालकाकडे वळला. गाडीत माझ्याशेजारी प्रकाश आईचे पाय आपल्या मांडीवर घेऊन दाबत बसला होता. त्या पायांत दाबण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग सुरू झाला तो हिवाळा.

निपाणीच्या गल्लीत बाईनं विनाकारण चालायचं नसतं. पाणी, दळण, बाजार, देऊळ, मयत, बारसं. पायाला कारण लागतं. आक्का नाकात ऑक्सिजनची नळी घालून, पाठीशी मला आणि छोट्या सिलिंडरला घेऊन दारातून बाहेर पडली, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत चारी बाजूंनी हाका आल्या. "कुठं निघालीस गं?" "कोण गेलं काय?" "नळी लावून बाजाराला व्हय?" व्यायामाला चाललेय असं पन्नाशीच्या बाईनं सांगायचं म्हणजे लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं. दुसऱ्या दिवशी आक्कानं खुंटीवरची कापडी पिशवी घेतली. रिकामीच. ती हातात दिसली की कुणी काही विचारत नसे. एका आजारी बाईला जगण्याची परवानगी मिळत नव्हती. पण मेथीची जुडी आणण्याची मिळत होती.

वखारी भरात आल्या तशी गल्लीतली खाट वाढली. मी तिला टिळकवाडीला घेऊन आले. इथं निराळीच गंमत. बंगल्यांच्या कुंपणांवरून बोगनवेल ओघळलेली, आणि सकाळी पांढऱ्या बुटांतले निवृत्त लोक झपाझपा चालताहेत. खाल्लेलं जिरावं म्हणून चालताहेत, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. त्यांच्यामधून आक्का चाले, चप्पल घासत, दर विजेच्या खांबापाशी थांबत, हातात तीच रिकामी पिशवी. एका गृहस्थांनी थांबून "शाब्बास आजी!" म्हटलं. ती दम खात खात माझ्याकडे वळून म्हणाली, "मी काय शाळंत हाय व्हय? आन मी कुणाची रं आजी, म्हणावं."

घरात जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. हातांची घडी, पाय जमिनीवर रोवलेले, आणि उठायचं. कितीतरी दिवस नुसतं उठण्याच्या जागेपर्यंत जाऊन ती मागं पडे. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर घरभर भरून असे, नळीच्या प्लॅस्टिकचा उबट वास असे, आणि त्या घरघरीवर तिच्या गुडघ्यांचा एक बारीक आवाज, सुकी काटकी हळूहळू वाकवावी तसा. मग तिला घाम येऊ लागला. किती महिन्यांनी तिला कष्टाचा घाम आला होता! मी तिची पाठ पुसली तेव्हा टॉवेलला वास आला. एवढ्या दिवसांनी, एवढ्या आंघोळींनंतर, तिच्या घामाला अजून तंबाखूचा वास होता. मी तो टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून ओरडले. कुणावर ते माहीत नाही. वखारीवर, मालकावर, चाळण्यांवर, त्या गावाच्या नाकावर, जे इतकी वर्षं तो वास सुगीचा म्हणून घेत राहिलं.

एके दुपारी प्रकाश आणि मालनवहिनी न सांगता आले, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. आक्का खुर्चीसमोर उभी होती, मांड्या थरथरत होत्या, बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र पिकपिक करत होतं, आणि मी तिला म्हणत होते, "अजून एकदा."

"मावशी!" प्रकाशच्या हातातला डबा खाली पडला. "काय चालवलंयस? ओठ बग तिचे! मारणार हायस तू माज्या आईला!"

"मरणारच होती ती," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "तुझ्या पाठीवर बसून, मजेत."

"आमी काय कमी केलं तिचं? आँ? खाली पाय ठिवू दिला न्हाय!"

"तेच केलंत तुम्ही."

मालनवहिनींनी पदर तोंडाला लावला. "आक्का, चला घरला. असले हाल बगवत न्हाईत. शिकलेल्यांच्या घरात काळीज नसतंय."

आक्का भिंतीला टेकून श्वास गोळा करत होती. तिला बोलायचं होतं, म्हणून आम्ही तिघंही थांबलो. श्वास येईपर्यंत जो वेळ गेला तो भयंकर होता. मग ती तुकड्यातुकड्यांनी बोलली. "परकाश... तू मला उचललंस न्हवं... लई गोड वाटलं बग. जन्मात कुणी उचललं नव्हतं." पुन्हा श्वास. "पन तितं बेंगलोरला... त्या खुर्चीत मी एकटीच होते. तितं तू आत येनार हाईस काय... माज्या मांड्यांत? यंत्रं लावून पडंन तवा... तू उठनार हाईस माज्या बदली?"

प्रकाश खाली बसून विखुरलेले लाडू गोळा करू लागला. मला त्याची दया आली नाही. आज येते थोडी. बापाविना वाढलेल्या पोरानं आईवर प्रेम करायची एकच रीत पाहिली होती, आणि ती त्यानं हाडं मोडेपर्यंत पाळली. आक्कानं मात्र जावेकडे वळून पाहिलं. "मालन, रडू नगंस. रडायला तुला दम पुरतोय, मला न्हाय." मग खुर्चीकडे बोट करून मला म्हणाली, "हं. अजून एकदा म्हणालतीस न्हवं?"

तिला पुढं पावसाळ्यात फुफ्फुसं मिळाली. त्यानंतरचे कित्येक दिवस अंथरुणावर गेले. औषधांनी मांड्यांचं मांस पुन्हा उतरवलं आणि तिला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. अजून करते आहे, आणि जगेल तोवर करावं लागेल. श्वासाच्या यंत्रावरून ती ज्या दिवशी सुटली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं की हिवाळ्यात कमावलेलं अंगात शिल्लक होतं म्हणून ती उठली. गावात हे कुणाला सांगितलं तर ऐकतात आणि म्हणतात, देवाची कृपा. देव असेल, मी नाकारत नाही. पण खुर्चीतून उठताना ज्याच्या गुडघ्यांचा आवाज मी ऐकला तो देव नव्हता.

आपल्याकडे 'आता थकल्या' हे किती मऊ आवाजात म्हणतात! थकणं हा जणू मान आहे; तो मिळाला की बाईला पाटावर बसवायचं आणि तिच्यासमोरून जग चालवून न्यायचं. अंगात जोर होता तोवर तिचं अंग राबवून घ्यायचं, तेव्हा कुणी 'बस' म्हणायचं नाही. आणि एकदा मोडली की 'बस, बस, बस' म्हणून तिला पुरून टाकायचं. त्या दोन्ही काळांत तिला विचारत कुणीच नाही. माझा राग याच्यावर आहे. तो सात्त्विक वगैरे नाही. मालनवहिनींच्या हळदीकुंकवाला मी तो गिळून आले, आणि तो गिळता येत नाही म्हणून हे लिहिते आहे.

फुफ्फुसं मिळण्याआधी, तो हिवाळा सरून उन्हाळ्याच्या तोंडाला, आम्ही पुन्हा बेंगलोरला गेलो होतो. आक्का, प्रकाश आणि मी. तीच वाट, तीच खुर्ची. आक्का दोनदा थांबली, पण भिंतीला टेकली नाही. खुर्चीतून उठताना तिचा चेहरा पहिल्यासारखाच ताणला गेला, भुवया उठल्या, ओठ मिटले. आणि या वेळी त्यांच्यापाठोपाठ बाकीची ती उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. मी श्वास धरून ठेवला होता, जसा काही माझा तिला उपयोगी पडणार होता.

डॉक्टरीणबाई हसल्या. "पास झालात," म्हणाल्या. "नाव घालते."

प्रकाशनं हात जोडले. आक्कानं जोडले नाहीत. तिनं कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली, निपाणीच्या बाजारात भांडायला वापरते त्या कन्नडमध्ये. ती म्हणाली, "बाई, एक विचारते. वखारीत मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा कुणी मला चालवून बघितलं नाही. ही धूळ हिच्या छातीला सोसेल का, कुणी बघितलं नाही. आत जायला तिथं परीक्षा नव्हती. इथं बाहेर पडायला दोन-दोनदा. असं का?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आक्काच्या नावापुढं 'तंबाखूची वखार' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. खोटी समजूत घातली नाही म्हणून मला त्या आवडल्या.

दाराबाहेर इस्पितळाच्या माणसानं चाकांची खुर्ची आणून उभी केली होती. फाटकापर्यंत रुग्णाला तिच्यातूनच न्यायचं, असा नियम होता. प्रकाशनं सवयीनं पुढं होऊन आईच्या काखेत हात घातला. आक्कानं तो काढला. सिलिंडर उचलून खुर्चीत ठेवला, नळी नीट केली आणि चालू लागली. नळीच्या लांबीएवढं अंतर ठेवून प्रकाश मागून खुर्ची ढकलत होता. मध्येच ती थांबली. आम्हांला वाटलं, दम लागला. तिनं मागं वळून त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तूच बस जा तीत," ती म्हणाली. "सिलिंडर घे मांडीवर. तुजं तोंड लई उतरलंय."